भाड्याच्या घरात देव नेत नाहीत

२ नोव्हेंबर, रविवार. मुठा

निलेश येऊन गेला. खोली ठरली. माणला, दुसरा मजला, दोन खोल्या आणि ओटा. पुढच्या रविवारी टेंपो आणतो म्हणाला. शनिवारी घर सोडत नाहीत, आणि त्याची सुट्टीही रविवारचीच. तो हिंजवडीच्या कंपन्यांची माणसं नेणाऱ्या बसवर ड्रायव्हर. सुनेला, पूजाला, औषधाच्या दुकानात नोकरी लागली. नात अजून दोन वर्षांची नाही. परीजवळ कोण? मी. दिवाळीत चकल्या तळताना हे ठरलं. मी तळत होते, ठरवत बाकीचे होते.

तक्रार नाही. लिहून ठेवते एवढंच.

जाऊ म्हणाली, "आक्का, कायमच्या चाललाय का? मंग कुलूप कशाला, किल्ली माझ्याकडं द्या, झाडून तरी काढीन." सुमनचं तसं असतं. वाईट वाटलं की झाडू काढते.

भातं कापून झाली. खळ्यावर झोडणीचा आवाज दिवसभर. हे गेले ते असल्याच दिवसांत. अजून तो आवाज आला की मी आत जाते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बांधाबांध. जातं राहील. पाटा-वरवंटा नेते. निलेश म्हणतो मिक्सर आहे. असू दे. लिंबाच्या लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसायची. गोधड्या जुन्या लुगड्यांत बांधल्या.

पुस्तकांची पेटी सगळ्यांत जड. ते ह्यांचं काम. पौडला दूध घालायला जायचे तेव्हा रद्दीवाल्याकडून किलोवर आणायचे. कसली हवीत, कधी विचारलं नाही. शेतीची, ज्योतिषाची, अर्धी फाटलेली कादंबरी, एकदा तर होड्या कशा बांधाव्यात त्याचं. मी सगळी वाचली. शाळा चौथीत सुटली, पुढचं जे काही शिकले ते त्या रद्दीत. हे पाहुण्यांना सांगायचे, "आमची ही होडी बांधती, फक्त लाकूड तेवढं द्या."

आज ते पुस्तक वर ठेवलं, मग खाली ठेवलं. कुठेही ठेवलं तरी पेटी तेवढीच जड.

५ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांच्या नावाचा चांदीचा टाक आहे देवांत, त्याचं भाऊजींना विचारलं. ते ओसरीवर विळ्याला धार लावत होते.

हे गेल्यावर देव त्यांच्या बाजूला गेले. कुळाचार जोडीनं करायचा असतो, माझी जोडी मोडली, म्हणून देव्हारा भिंतीपलीकडे. तेव्हा फारसं लागलं नाही. भिंतीपलीकडेच तर होता. आरतीची घंटा ऐकू यायची.

म्हटलं, "ह्यांचा टाक तेवढा मी नेते. बाकीचे देव तुमच्याकडे."

"वहिनी, भाड्याच्या घरात देव नेत न्हाईत."

"का?"

"का म्हंजे? आज माण, उद्या मारुंजी, परवा मालकानं काढलं तर आनि कुटं. देव काय बिऱ्हाड हाय का, पाठीवर टाकून हिंडायला? आनि आबा, आज्जा, दादा, समदे एका वळीत बसल्यात. त्यातनं एकटा दादा उचलायचा?"

"मीही एकटीच चालले आहे."

धार लावत राहिले. मग म्हणाले, "चंपाषष्ठीला या. सा दिवस टाक भाईर असत्यात. पोटभर बघा."

पोटभर.

चुकीचं काही बोलले नाहीत. भाऊच तो. हे गेल्यावर कितीतरी दिवस बांधावर एकटे जाऊन बसायचे, मी पाहिलं आहे.

तसा टाक ह्यांच्यासारखा दिसत नाहीच. सोनाराकडे ठसा एकच असतो. घोडा, वर पगडीवाला, हातात तलवार. चांदीचा पातळ पत्रा, रुपयाहून थोडा मोठा. हे जन्मात घोड्यावर बसले नाहीत, दुधाच्या टेंपोवर बसले. पण वर्षश्राद्धाला गुरुजींनी तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, आता ते ह्यात. मी धरून बसले. दुसरं धरायला काय होतं?

८ नोव्हेंबर, शनिवार

घेतला.

भाऊजी आणि सुमन खळ्यावर होती. टाक तांब्याच्या डब्यात असतात. दिवाळीला निघाले होते, आता मार्गशीर्ष लागेपर्यंत डबा कोणी उघडणार नाही. शोधावा लागला नाही. सगळ्यांत नवा. आबांचा, आज्जांचा काळवंडलाय, ह्यांचा अजून लखलखीत. हळदकुंकू वाहिलं. म्हटलं, चला.

ठेवायचा कुठे? माझी पिशवी निलेश उघडतो, पेटीला कुलूप नाही. प्रवासात देव धान्यात ठेवतात, सासूबाई सांगायच्या. तांदळाची पोती शिवून झाली होती, शिवण उसवली असती तर सुमननं विचारलं असतं. कणीचा डबा उघडा होता. माझ्या भाकरीची कणी. फडक्यात बांधला तर फडकं दिसेल, म्हणून नुसताच खोल घातला.

मोडक्या तांदळात देव ठेवू नये. अक्षता म्हणजे अखंड तांदूळ. मला माहीत आहे. एका दिवसाचं काम, असं मनाला सांगितलं.

सुमन आली तर म्हणाली, "तोंड का उतरलंय?" म्हटलं, धूळ.

९ नोव्हेंबर, रविवार. माण

आलो.

टेंपोवाला पेटी उचलताना म्हणाला, "मावशी, ह्यात धरणाची भिंत भरलीया का?" निलेश म्हणाला आईची पुस्तकं. "मंग उतरवताना माझी कंबर दुखतीया म्हणून समजा."

कपाट आडवं, त्यावर गोधड्या, मागं पोती. कणीचा डबा पोत्यांच्या बेचक्यात. म्हटलं तो माझ्याकडे द्या. निलेश म्हणाला, "मांडीवर बरणी आहे, डबाही घे, जागा उरली तर मीपण बसतो." सगळे हसले. डबा मागेच राहिला.

भाऊजी दोर आवळत होते. टेंपोवाला बास म्हणाला तरी आवळतच होते. "वहिनीचं सामान हाय, हालता कामा नये." तेव्हा सांगून टाकावं असं आलं होतं तोंडाशी. टेंपो सुरू झाला.

उरवड्याच्या घाटात प्रत्येक वळणाला मागं काहीतरी सरकायचं. पिरंगुटला गाड्यांची रांग. घोटवडे गेलं की शेतं एकदम संपतात आणि समोर काचेच्या इमारती. ऊन त्यांच्यावरून डोळ्यांत येतं.

गल्लीत पाइप टाकायला चर खणलेला. टेंपो आत जाईना. रस्त्यापासून सगळं हातावर. कपाटाचा आरसा जिन्यात तडकला. पूजा म्हणाली अपशकुन, निलेश म्हणाला जिना अरुंद. लोणचं सुखरूप.

मालकीण दारातच उभी. हौसाबाई. माझ्याहून मोठी, अंगभर सोनं, पायाला शेण. खाली गाड्या लावायच्या जागेत तिची म्हैस बांधलेली. म्हणाली, "म्हशीच्या मागनं जाऊ नका. लाथ मारती. पर भाडेकरूलाच." मी पाण्याची कळशी उचलून पायरी चढणार तोच हात आडवा. "तुमी न्हाई. सुनंला द्या. पैलं पानी सवाष्णीच्या डोईवरनं आत जाऊ द्या." पूजा कानकोंडी झाली. मीच तिच्या डोक्यावर कळशी दिली. नवीन काही नाही. फक्त अनोळखी माणसानं सांगितलं की जरा जास्त ऐकू येतं.

आत गेल्यावर दुसरं. "भितीला खिळा ठोकायचा न्हाई." ह्यांचा फोटो हातात होता. आता तो फ्रीजवर भिंतीला टेकून आहे. फ्रीज सुरू झाला की थरथरतो.

डबा ओट्याखाली. उद्या दोघं कामावर गेली की काढते.

१० नोव्हेंबर, सोमवार

काय लिहू.

अंघोळ करून आले तर ओट्याखाली डबा नाही. पूजा केस विंचरत होती. "आई, तुमची कणी दळायला पाठवली. ह्यांना जाता जाता गिरणीत टाकायला सांगितलं. तुम्हाला तांदळाची भाकरी लागते आणि घरात पीठच नव्हतं."

परीला कडेवर घेतलं आणि निघाले. गिरणी कुठे आहे तेही माहीत नव्हतं, आवाजावरून गेले. पोचेपर्यंत आवाज बंद झाला होता.

गिरणीवाला उत्तरेकडचा, पिठानं पांढरा झालेला. चक्की उघडून बसला होता. "अम्मा, चावल में क्या डाला था? मेरा पत्थर बिठा दिया."

हातावर ठेवला. गरम होता.

घोडा राहिला आहे. वरचा माणूस गेला. पगडी, तोंड, तलवारीचा हात, सगळं घासून सपाट. कड कुरतडल्यासारखी. मधून वाकलेला.

तो विचारत होता, "क्या था? पायल थी?" म्हटलं, व्हय. मी कधी व्हय म्हणत नाही.

पीठही घेऊन आले. न घेऊन काय करणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रुमालात बांधून गोधडीच्या घडीत ठेवला आहे. दिवसातून कितीदा काढून पाहते. दर वेळी वाटतं कालच्याइतका घासलेला नसेल.

खंडित देव पुजेत चालत नाही. लहान पोरालाही माहीत असतं. चीर गेलेला, नाक तुटलेला, वाहत्या पाण्यात सोडायचा. म्हणजे ह्यांना सोडायचं. एकदा स्मशानात झालं, आता परत.

परी मला आजी म्हणते. पूर्वी "ई" म्हणायची. चांगलं आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पूजा कामावरून येऊन भाकरीला बसली. मी म्हटलं भात कर. म्हणाली, "रोज भात कशाला, पीठ आहे की." तिला भाकरी नीट येत नाही, तुकडे पडतात, तरी थापत होती. माझ्यासाठी.

ते पीठ टाकूनही देता येत नव्हतं, सांगताही येत नव्हतं. ताटात आली. खाल्ली. दाताखाली काही आलं नाही.

चांगली झाली होती, म्हणाले तिला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गावात काही लपत नाही, आणि माण अजून गावच आहे, वर कितीही मजले चढवले तरी. गिरणी हौसाबाईच्या पुतण्याच्या जागेत. गिरणीवाल्यानं पैंजणाचं सांगितलं, पुतण्यानं बाईला. ती संध्याकाळी वर आली. म्हशीची धार काढून आली होती, हात ओले.

"पैंजणावर घोडा कुटं असतुया, निलेशची आई? गिरणीवाल्यानं घोडा बगितलाय. टाक व्हता न्हवं?"

म्हटलं, होय. मालकांचा.

खाली बसली. लुगड्याला हात पुसले. मग म्हणाली, "आमचे टाक बँकेच्या लॉकरात असत्यात. पोरांनी ठिवलं, चोऱ्या व्हत्यात म्हणून. षष्ठीला सायबाच्या वेळंनं देव भाईर येत्यात, सायबाच्या वेळंनं आत जात्यात. त्यापरीस तुमची कणी बरी."

मला हसू आलं. तिलाही. तेवढ्यानं बरं वाटलं. मग उठताना म्हणाली, "पर बाई, मोडका टाक माझ्या घरात नगं. बारा बिऱ्हाडं हायेत हितं, लेकरंबाळं हायेत. राग मानू नका. षष्ठीपतुर मार्गी लावा."

राग मानला नाही. घर तिचं.

पूजानं ऐकलं होतं. ती रडायला लागली. "मी पाठवली ना कणी." तिला कसं समजावू? ज्यानं लपवलं त्याचं ते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

निलेश चिडला. माझ्यावर नाही, टाकावर. "आई, तो चांदीचा पत्रा आहे. पप्पा त्यात नव्हते. नवीन करून आणू पौडवरून, आहे काय त्यात." मी म्हटलं, नवीन केला तरी तो मुठ्यात राहणार. "मग राहू दे ना. फोटो आहे की." फोटो फ्रीजवर थरथरत होता. त्यानं उठून खाली दुमडलेला कागद घातला. थरथर थांबली.

रात्री येऊन म्हणाला, "काकांना मी सांगू का?" नको म्हटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फोन हातात घेतला, ठेवला. सुमनचा आला तर परीचं बोलले, पाण्याचं बोलले. इथे पाणी एक दिवसाआड. सुमन म्हणाली, "तुमच्या घरात मांजर व्यालीया. कुलपाच्या घराला कुटनं वाट मिळाली कुणाला ठावं." तिला म्हटलं, हाकलू नको.

पुस्तकांची पेटी उघडली नाही अजून. उघडली तर राहायला आल्यासारखं होईल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मार्गशीर्ष लागला. आज टाक काढून धुणार, घट बसवणार. सकाळपासून हात कामात नव्हते. दूध उतू गेलं.

भाऊजींचाच फोन आला.

"वहिनी. दादाचा टाक तितं हाय का?"

"आहे."

केवढा मोठा श्वास सोडला त्यांनी. "बरं. मला वाटलं हरावला. तवापास्नं समदं घर उपसतोय. सुमीला बोल बोल बोललो. हाय न्हवं? मंग झालं. न्यायचा तर सांगून तरी न्यायचा, वहिनी. मी काय हातातनं हिसकून घेतला असता का?"

मग सांगितलं. कणी, गिरणी, सगळं एका दमात, मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

मागं घंटा वाजत होती, सुमन आरती करत असावी.

मग म्हणाले, "लई घासलाय का?"

"तोंड गेलं."

"घिऊन या."

२३ नोव्हेंबर, रविवार. मुठा

निलेशनं मोटारसायकलवर आणलं. रुमाल पदराला गाठ मारून.

देव पाटावर मांडलेले, घटाला धान्य अंकुरलं होतं. वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं. भाऊजींनी रुमाल सोडला, दारात उजेडाला नेला. अंगठ्यानं चोळत राहिले, घाण बसली असावी आणि निघेल असं.

"दादाचं तोंडच ऱ्हायलं न्हाई गं सुमे," म्हणाले. मग तसेच मागल्या दारानं गेले. बऱ्याच वेळानं आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

सुमन म्हणाली, "आक्का, वळीत ठिवता यायचा न्हाई." तिनं वाटीत तांदूळ घेतले. निवडून, अख्खे. त्यात टाक ठेवला आणि वाटी पाटाच्या बाजूला ठेवली. पाटावर नाही, जमिनीवरही नाही, एका पुस्तकाएवढ्या फळीवर. मला तिचं फार वाटलं.

जेवताना भाऊजी म्हणाले, "ठिवायचा का पान्यात सोडायचा, ह्ये आपुन ठरवायचं न्हाई. षष्ठीला नाथाला कौल लावू." भैरवनाथाच्या दोन्ही खांद्यांना गुरव फुलाची पाकळी चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमिनीच्या वाटण्या झाल्यात ह्या गावात त्या पाकळ्यांवर, सोयरिकी मोडल्यात.

माझं घर उघडून पाहिलं. मांजर कणगीमागे. पिलांचे डोळे अजून मिटलेले. पुन्हा कुलूप लावलं.

रात्री, माण. टाक तिथेच ठेवून परत आले. हौसाबाई जिन्यात होती. "लावला मार्गी?" म्हटलं, इथे नाही आता. "बरं केलं," म्हणाली आणि दूध दिलं पोरीला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. माण

भाऊजींचा फोन. "उद्या कौल. तुमी या. तुमच्याबिगर लावायचा न्हाई. इचारायचं पन तुमच्या तोंडूनच."

"माझ्या का? घरचे तुम्ही."

"नवरा तुमचा. मी काय इचारणार, ठिवू का सोडू. तुमाला आनि काय इचारायचं आसंल तर ते इचारा."

मला 'आणि काय' विचारायचं आहे, हे त्यांना कळलं आहे. पहिल्या दिवशीच कळलं असणार.

पाकळी उजवी पडली तर टाक मुठ्यात राहील. डावी पडली तर पाण्यात. माण कुठल्याच खांद्यावर नाही. ते मला विचारावं लागेल. नेऊ का, तोंड नसलेला, भाड्याच्या घरात, माझ्याजवळ. आणि नाथ हो म्हणाला तरी हौसाबाई नाही म्हणणार. मग काय, दुसरी खोली बघायला सांगू निलेशला? पुन्हा टेंपो, पुन्हा दोर? पूजाची नोकरी आत्ता कुठे बसते आहे.

निलेशला काही बोलले नाही. त्यानं आपणहून विचारलं, "काय झालं तर तुला चालेल, आई?" असं विचारतात का? पण त्यानं विचारलं. मी परीचं झबलं घडी घालत होते. घडी घालून झाली.

पेटी उघडली आज. वाळवी नाही. पुस्तकं तशीच आहेत, थोडा वास. एक काढून वाचायला घेतलं, पण दोन पानांपुढे जाईना.

२६ नोव्हेंबर, बुधवार. पिरंगुट

चंपाषष्ठी. निलेशनं इथे बसथांब्यावर सोडलं आणि तो कामावर गेला. परी हौसाबाईकडे. तीच म्हणाली, "जा, पोरगी ऱ्हाती माझ्याकडं. म्हशीला तिची सवय झालीया." आज तिच्या घरी लॉकरातले देव येणार, वांग्याचं भरीत, रोडगे, घाईत होती. तरी जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "काय कौल लागंल तो लागंल. मला सांगायला येऊ नका लगीच. आधी च्या प्या." त्याचा अर्थ काय लावायचा, कळेना. काही नसेलही.

पहिली गाडी आली, चढले नाही. गर्दी होती असं मनाला सांगितलं. दुसरीत जागा होती.

न विचारलं तर नाथाला नाही म्हणता येणार नाही. एवढंच आहे माझ्याकडे. ठेवायचा की सोडायचा एवढंच विचारलं आणि घरी आले, तर कुणाचं काही अडणार नाही. भाऊजी वाटी वर्षातून एकदा समोर ठेवतील, नाहीतर आम्ही सगळे घाटाखाली नदीवर जाऊ, सुमन दही-भात घेईल बरोबर. लोक जगतात त्याच्यावर. सहा दिवस पोटभर बघून घरी जातात.

आणि विचारलं, आणि डावी पडली, तर मग मागायलाही काही राहत नाही.

मनात वाक्य जुळवते आहे. नाथासमोर पुस्तकी बोलता येणार नाही. "देवा, मी माझ्या नवऱ्याला" इथपर्यंत येतं, मग पुढचा शब्द बदलत राहतो. नेते. ठेवते. मागते.

भाऊजींचा फोन. "कुटवर आलाय?"

"पिरंगुटलाच आहे."

"गाडी न्हाई का?"

"आहे."

मग म्हणाले, "सावकाश या. गुरवाला च्या पाजून बसिवलाय. तुमी आल्याबिगर पाकळी लावू देत न्हाई मी कुनाला. जेवलाय का काय?"

म्हटलं, उपास आहे. नव्हता. आता धरला.

गाडी लागली आहे. कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळतोय आणि मुठा, मुठा, ओरडतोय. दोनदा माझ्याकडे पाहून झालं. आता म्हणाला, "मावशी, बसायचंय का नुसतंच लिवायचंय?"